भिंतीपेक्षा किंचित गडद

१

ताईच्या टेबलावर दोन मॉनिटर होते. उजवीकडचा नवा, तो कामाचा. त्यावर ती शाळेच्या पुस्तकांची पानं लावायची. चित्र कुठे बसवायचं, मजकूर कुठे तोडायचा, समास किती सोडायचा, हे ठरवण्यात तिची निम्मी हयात गेली होती. डावीकडचा जुना. तो फक्त धाकटीसाठी.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, छबू. लग्न मोडल्यावर तिने दुसऱ्या शहरात एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर घर भाड्याने घेतलं आणि ऑफिसचं हिशेबाचं काम तिथूनच करायला लागली. सुरुवातीला ती फोनवर नुसती रडायची. मग ताईनेच एक तोड काढली. सकाळी दोघींनी कामाला बसताना व्हिडिओ कॉल लावायचा आणि संध्याकाळी उठताना बंद करायचा. मधे बोललंच पाहिजे असं काही नाही. एकमेकींच्या कळफलकाची टकटक ऐकायची, खुर्ची करकरली की मान वर करून बघायचं, जेवायला उठताना हात हलवायचा. एका खोलीत बसल्यासारखं वाटायचं. छबू कामात रमली की गुणगुणायची, आणि तिचं ते बेसूर गुणगुणणं परत ऐकू यायला लागलं तेव्हा ताईच्या जिवात जीव आला.

मॉनिटर मात्र पुरता म्हातारा झाला होता. सकाळी लावला की बराच वेळ मिणमिणता राहायचा, मग हळूहळू उजळायचा. पांढरा रंग पिवळट पडला होता. खालच्या कडेने आतला प्रकाश झिरपायचा आणि वरचे दोन्ही कोपरे धुरकटले होते. एक ठिपका कायमचा हिरवा होऊन बसला होता, तो नेमका छबूच्या खांद्यावर यायचा.

"आपल्यासारखाच आहे," ताईचा नवरा म्हणायचा. तो शाळेत विज्ञान शिकवायचा आणि घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणत. "सकाळी तापायला वेळ लागतो, आणि एकदा एखाद्या गोष्टीवर अडला की अडला."

"तुम्हाला बदलता येत नाही, मग त्याला तरी कशाला बदलू?" ताई म्हणायची.

२

एके दिवशी संध्याकाळी कॉल बंद करून ताईने एक करडं पान डावीकडच्या पडद्यावर सरकवलं. नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ करायचं होतं आणि जुन्या पडद्यावर रंग कसा दिसतो ते तिला बघायचं होतं.

पान सपाट दिसेना. करड्या रंगात काहीतरी होतं. तिने चष्मा पुसला, मान तिरकी केली, तेव्हा उलगडलं. ती छबूची खोली होती. डावीकडे खिडकीची चौकट, मधे दार, उजवीकडे पुस्तकांचं कपाट. पुसलेल्या फळ्यावर आधीच्या तासाची अक्षरं राहावीत तशी सगळी खोली त्या करड्या रंगात मागे राहिली होती.

ताईला गंमत वाटली. छबू स्वतः त्यात कुठेच नव्हती. तिच्या जागी नुसता गढूळपणा होता. दार, खिडकी, कपाट, आणि दाराच्या शेजारी उभं असलेलं काहीतरी.

उंच, वरून अरुंद, खाली रुंद होत गेलेलं. ताईने मनात म्हटलं, कोट टांगला असेल. नाहीतर ओला टॉवेल.

दुसऱ्या दिवशी कॉल लागल्याबरोबर तिने आधी तिकडे पाहिलं. दार होतं. दाराच्या शेजारी मोकळी भिंत होती. ना खुंटी, ना खिळा.

"काय गं, अशी टक लावून काय बघतेस?" छबूने विचारलं.

"काही नाही. तुझ्या खोलीचा रंग कुठला आहे?"

"पांढरा. का?"

"इथे पिवळा दिसतो," ताई म्हणाली आणि कामाला लागली.

३

त्या संध्याकाळीही ते दिसलं. मग मात्र ताईने मॉनिटर चादरीत गुंडाळला आणि तसाच गाडीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला.

दुकानाच्या भिंतीला उघडेवाघडे पडदे टेकवून ठेवले होते, कुणाची पाठ काढलेली, कुणाच्या तारा लोंबत असलेल्या. दुरुस्तीवाला पोक्त माणूस होता आणि घाईत नव्हता. त्याने मॉनिटर लावला, करडा रंग आणला आणि नाकावरून चष्मा खाली ओढून पाहिलं.

"हा आजार नाही मॅडम, हे वय आहे," तो म्हणाला. "आत स्फटिक असतात. दिवसभर एकाच बाजूला वळवून ठेवले की त्यांना आळस येतो. चित्र गेलं तरी ते सरळ व्हायचा कंटाळा करतात. कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर ठेवा थोडा वेळ, जाईल. रात्रभर बंद ठेवलात तरी सकाळी साफ असेल."

"माझी बहीण दिवसभर यात बसलेली असते. तिची छाप का नाही पडली?"

"त्या हलत असतील. जे हलतं ते टिकत नाही. दार हलत नाही, कपाट हलत नाही, म्हणून त्यांची छाप राहते."

"आणि हे?" ताईने दाराच्या शेजारी बोट नेलं, पण टेकवलं नाही.

त्याने फडक्याने पडदा पुसला. परत पाहिलं. "हे वेगळं. हे दाबाचं दिसतंय. पुसताना कुणीतरी जोरात दाबलं असेल, आतलं दबलंय. हे काही जायचं नाही. एवढं चालवून घ्यायचं."

दाबाचं आहे म्हटल्यावर ताईला एवढं हलकं वाटलं की आपण इतके घाबरलो होतो हे तिला तेव्हा कळलं. दुरुस्तीवाल्याने पांढरा पडदा लावला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला गेला. ताई स्टुलावर बसून बघत राहिली. आधी खिडकीची चौकट विरली. मग कपाटाच्या फळ्या एकेक करून गेल्या. दार उशिरापर्यंत राहिलं, शेवटी तेही गेलं.

आणि त्याच्याबरोबर ते शेजारचंही गेलं. पडदा धुतल्यासारखा कोरा झाला.

"अरे वा, गेलं की," दुरुस्तीवाला परत येऊन म्हणाला. "म्हणजे दाबाचं नव्हतं. तीही छापच होती. चांगलं झालं ना, डाग राहिला नाही."

ताईने मान डोलावली. घरी जाताना मॉनिटर शेजारच्या सीटवर होता आणि चादरीच्या फटीतून त्याचा काळा पडदा दिसत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने चादर नीट ओढून घेतली. दाबाचं असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात सारखं येत होतं. छाप पडायची तर कुणालातरी तिथे दिवसभर उभं राहावं लागतं. न हलता.

४

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छाप परत उमटली तेव्हा मास्तरांना तिने दाखवलं. ते खुर्ची पुढे ओढून बसले, डोळे बारीक करून त्यांनी पाहिलं.

"मला तर कपाटाची सावली वाटते."

"कपाट उजवीकडे आहे. हे दार. आणि हे बघा खांदे."

"अगं, तुला छबूची काळजी लागून राहिली आहे. ढगातसुद्धा माणूस बघायला वेळ लागत नाही आपल्याला." मग त्यांनी वर्गातला आवाज लावला. "साधी गोष्ट आहे. पडद्यावर जे दिसलंच नाही त्याची छाप पडेल कशी? दिवसभर तू बघत असतेस ना? आहे का तिथे कुणी?"

"नाही."

"मग झालं तर."

ते बोलणं बिनचूक होतं आणि म्हणूनच ताईच्या डोक्यातून जाईना. दिसलंच नाही त्याची छाप पडत नाही. बरोबर. पण दिसत नाही आणि नसतं, यातला फरक तिच्या धंद्यात तिला रोज भेटायचा. पानाच्या मागे रंगाची अगदी पुसट छटा टाकली तर ती पडद्यावर कुणाच्या नजरेला येत नाही, छापून आल्यावर मात्र पान मळकट दिसतं. डोळा अशा फरकाकडे कानाडोळा करतो. यंत्र करत नाही. भिंतीपेक्षा किंचित गडद असं काही तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं असेल, तर ते तिला दिसणार नाही. त्या आळशी स्फटिकांना दिसेल.

त्या आठवड्यात छाप दाराजवळ राहिली नव्हती. ती कपाटाच्या अलीकडे आली होती. छबूच्या खुर्चीच्या बाजूला.

एक दिवस दुपारी, छबू जेवायला उठून गेली असताना, ताईने चालू कॉलचं चित्र टिपून घेतलं आणि उजवीकडच्या नव्या मॉनिटरवर उघडलं. रिकामी खुर्ची, कपाट, भिंत. स्वयंपाकघरातून छबूच्या ताटाचा आवाज येत होता. ताईने भिंतीचा भाग निवडला आणि काळ्या-पांढऱ्यातलं अंतर ताणायला सुरुवात केली. फिक्या छापलेल्या जुन्या फोटोंवर ती हे नेहमीच करायची. भिंत आधी खरखरीत झाली, मग तिच्यावर दाणे उठले. दाण्यांचे ढग झाले. ताई आणखी ताणत गेली.

ढगांना कड आली. एक उतरता खांदा. मग मान, थोडी पुढे झुकलेली, रांगेत मागे उभं राहून पुढच्याचा कागद वाचणाऱ्या माणसासारखी. नाकडोळे काही नव्हते. पण ते पाठमोरं नव्हतं, एवढं कळत होतं.

ताईने चित्र बंद केलं. जतन करायचं का, असं यंत्राने विचारलं. नको, असं तिने दाबलं.

डावीकडच्या पडद्यावर छबू तोंड पुसत परत आली आणि खुर्चीत बसली. तिच्या मागे मोकळी भिंत होती.

५

"छबू, तू टेबल हलवतेस का? खिडकीकडे तोंड करून बस ना, उजेड चांगला येईल."

"उजेड आहे की."

"मग भिंतीला पाठ लावून बस. मागे मोकळं असलं की थकायला होतं, असं म्हणतात."

छबू हसली. "कोण म्हणतं? तू आईसारखी व्हायला लागलीस. ती पण असंच काहीतरी काढायची आणि मग खरं कारण संध्याकाळी सांगायची. बोल, काय झालंय?"

ताईने शब्द जुळवून पाहिले. सहा महिन्यांपूर्वी ही मुलगी रात्ररात्र झोपत नव्हती. आता तिचे गाल भरले होते, केसांना तेल लागत होतं, कामात ती गुणगुणत होती. तिला काय सांगायचं? तुझ्या मागे भिंतीच्या रंगाचं कुणीतरी उभं असतं?

"तुला त्या घरात भीती नाही ना वाटत? एकटीला?" तिने विचारलं.

"खरं सांगू?" छबूने पेन खाली ठेवलं. "लग्नाच्या घरात माणसं होती तरी मला एकटं वाटायचं. इथे कुणी नाही, पण एकदाही एकटं वाटलेलं नाही. पहिल्या दिवसापासून. दार उघडून आत आलं की कुणीतरी घरी आहे असंच वाटतं. मजा आहे ना?"

"हो," ताई म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने करडा रंग लावून पाहिलं नाही. मॉनिटर बंद केला, त्यावर टॉवेल टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन मास्तरांना सांगितलं, "मला छबूकडे जायचंय. तुमच्या सुट्टीच्या दिवशी जाऊ. दोघं."

मास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि या वेळी काही समजावून सांगितलं नाही.

६

निघायच्या दिवशी सकाळी ताईने नेहमीसारखा कॉल लावला आणि छबूला म्हणाली, "आम्ही निघतोय. हे असंच चालू राहू दे, बंद करू नकोस. आम्ही येईपर्यंत तुला तेवढीच सोबत." छबूला सुट्टी असूनही ऑफिसचं काम उरकायचं होतं. "रिकाम्या खुर्चीशी बोलत बसू का?" असं म्हणून ती हसली, पण तिने कॉल चालू ठेवला.

दुपारी दोघं पोचले. छबूने दार उघडलं, मिठी मारली, पाणी दिलं, आणि घर दाखवायला लागली. दाखवण्यासारखं फारसं नव्हतं. एक स्वयंपाकघर, एक झोपायची खोली, आणि ही कामाची. ताईला ती खोली इतकी ओळखीची होती की आत पाऊल टाकताना पडद्यात शिरल्यासारखं वाटलं. कपाट खरोखरीच पांढऱ्या भिंतीशी उभं होतं. खिडकी उघडी होती, बाहेर कुणीतरी जिन्यावर सामान ओढत होतं.

ताई दाराशेजारच्या भिंतीजवळ गेली. हात फिरवला. चुना, थोडा खडबडीत, उन्हाने कोमट. वास नाही, ओल नाही. मास्तर तिच्याकडे बघत होते. त्यांनी हलकेच विचारलं, "झालं समाधान?"

ती कपाटाच्या अलीकडे सरकली, जिथे ती छाप शेवटी आली होती, आणि वळून उभी राहिली. तिथे उभं राहिलं की काय दिसतं ते तिला बघायचं होतं. तिला वाटलं होतं, छबूची मान दिसेल. पण छबूची खुर्ची बाजूला राहत होती. समोर थेट येत होता तो टेबलावरचा मॉनिटर, ताईच्या घरच्या इतकाच जुना. त्यात ताईची खोली होती. ताईची रिकामी खुर्ची, मागे खिडकीचा पडदा, मागे दार.

म्हणजे इथे जे उभं होतं ते छबूकडे बघत नव्हतं.

"छबू, तो कॉल बंद कर गं," ताई म्हणाली.

"करते. तूच म्हणालीस चालू ठेव." छबूने कॉल बंद केला. मॉनिटरवर तिचा रोजचा करडा पडदा आला. "बघ, आता तुला एक गंमत दाखवते. माझा मॉनिटर पण म्हातारा झालाय. तुझी खोली जातच नाही यातून. हा खिडकीचा पडदा, हे दार, ही तुझी खुर्ची." ती बोट फिरवत गेली. "तू दिवसभर हलतेस म्हणून तू नाही येत. पण भावोजी बरोबर येतात."

मास्तर पुढे झाले. "मी?"

"हे काय." छबूने खुर्चीच्या मागे बोट ठेवलं. "ताईच्या मागे उभे असता ना तुम्ही, कामात डोकावत? मी म्हटलं, बरंय, तिलाही सोबत आहे. आधी लांब दाराशी असायचात, आता अगदी खुर्चीला टेकून. ताईला ते आवडत नसेल म्हणून मी कधी बोलले नाही."

ताई जवळ गेली. करड्या रंगात तिच्या खुर्चीची पाठ होती, आणि पाठीवर दोन्ही बाजूंनी काहीतरी टेकलेलं होतं. त्याच्या वर खांदे होते. मास्तर बुटके होते. हे दाराच्या वरच्या चौकटीपर्यंत पोचत होतं.

"छबू," मास्तर सावकाश म्हणाले, "मी दिवसभर शाळेत असतो."

"रोज नसाल मग. सुट्टीला असाल."

"आज सुट्टी आहे. आज सकाळपासून मी गाडीत होतो."

छबू हसायला गेली आणि थांबली. "मग ही कालची असेल."

"काल संध्याकाळी मॉनिटर बंद केला होतास?"

"रोजच करते. सकाळी कोरा असतो." तिने पडद्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग मागच्या भिंतीकडे. तिचा हात आपोआप ताईच्या मनगटावर आला.

वर्गात अवघड प्रश्न आला की मास्तर खडू बोटांत फिरवत तसे ते रिकामी बोटं एकमेकांवर घासत राहिले. पडद्यावरून खिडकीचा पडदा विरला. मग दाराची चौकट सैल झाली. खुर्ची गेली. खुर्चीच्या मागचं अजून होतं.

"बॅग भर, छबू," ते शेवटी म्हणाले. "कपडे आणि कागदपत्रं तेवढी घे. बाकीचं नंतर बघू."

छबूने का म्हणून विचारलं नाही. ती झोपायच्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, हँगर एकमेकांवर आपटले, बॅगेची चेन सरकली. ताई आणि मास्तर खोलीच्या मधोमध उभे होते, भिंतीपासून लांब, पडद्यापासूनही लांब.

"ताई," छबूने आतून विचारलं, "थोड्या दिवसांचेच कपडे घेऊ ना? तुमच्याकडेच जायचंय ना आपल्याला?"

मास्तरांनी ताईकडे पाहिलं. ताईने मास्तरांकडे पाहिलं.

"ताई?" छबूने परत विचारलं.